दारूचा गुत्ता : एका शब्दामागचा इतिहास



आपल्या जालना जिल्ह्यातील कोणत्याही मोठ्या गावच्या बाजारातून जाताना एक पाटी आपण सर्वांनी वाचलेली असते. 'सरकारमान्य देशी दारूचे दुकान.' ही पाटी इतकी नित्याची झाली आहे की तिच्यातील पहिल्या शब्दापाशी आपण थांबतच नाही. आमच्या शाळेच्या फलकावरही 'शासनमान्य' असे लिहिलेले आहे. शाळेला मान्यता देणारे आणि दुकानाला मान्यता देणारे सरकार एकच असते, हा विचार इतिहास शिकवीत असूनही माझ्या मनात कधी आला नव्हता. तो एका म्हाताऱ्या आजीने आणून दिला.

आमच्या आठवीच्या वर्गातील एक मुलगा दिवाळीच्या सुटीनंतर पुष्कळ दिवस आलाच नाही. हजेरीपटावर त्याच्या नावापुढे गैरहजेरीच्या खुणांची रांग लागली, तेव्हा मी घरी चौकशीस गेलो. आईबाप ऊसतोडीला गेलेले होते आणि मुलाला आजीपाशी ठेवले होते. मुकादमाकडून घेतलेल्या उचलीतील बरीचशी रक्कम बापाने निघण्यापूर्वीच दारूत घालविली होती. त्यामुळे घरात दाणा नव्हता आणि मुलगा एका हॉटेलात कपबशा विसळीत होता. आजी म्हणाली, "सर, दुकान सरकारमान्य हाय म्हन्तेत. मंग मी तक्रार कुनाकडं करावी?"

मला उत्तर देता आले नाही. प्रस्तुत लेख हा त्या प्रश्नाचे उत्तर शोधण्याचा एक साधा प्रयत्न आहे. दारू वाईट, हे सांगण्यासाठी लेखाची गरज नाही. ते घराघरातील स्त्रिया आपल्यापेक्षा अधिक जाणतात. दारूविषयी सरकारचे धोरण गेल्या सुमारे दीडशे वर्षांत कसकसे बदलत गेले आणि त्या प्रत्येक बदलाची झळ कोणाला लागली, एवढेच येथे पाहावयाचे आहे.

गुत्ता म्हणजे काय?

दारू पिण्याच्या जागेला आपण मराठीत 'दारूचा गुत्ता' म्हणतो. वस्तुतः गुत्ता या शब्दाचा दारूशी काहीएक संबंध नाही. गुत्ता म्हणजे मक्ता, ठेका. सडकेचे किंवा इमारतीचे काम घेणाऱ्याला आपल्या मराठवाड्यात आजही 'गुत्तेदार' म्हणतात आणि त्यात कोणाला काही वावगे वाटत नाही. मग दारूच्या दुकानाला हे नाव का पडले? कारण दारू विकण्याचा हक्क सरकार लिलावाने देत असे. जो मोठी बोली बोलेल त्याला ठरावीक मुदतीसाठी तो हक्क मिळे. लोकांनी त्या जागेला दारूवरून नाव न देता लिलावावरून दिले. अडाणी समजल्या जाणाऱ्या आपल्या पूर्वजांनी व्यवहाराचे मर्म असे एका शब्दात नोंदवून ठेवले आहे.

१७ सप्टेंबर १९४८ पर्यंत आपला हा भाग निजामाच्या हैदराबाद राज्यात होता. जालना जिल्हा त्या वेळी स्वतंत्र नव्हता. तो १ मे १९८१ रोजी अस्तित्वात आला. त्यापूर्वी जालना, अंबड, भोकरदन हे तालुके औरंगाबाद जिल्ह्यात आणि परतूर परभणी जिल्ह्यात होते. निजाम राज्याच्या दारूखात्याचे नाव होते आबकारी. हा शब्द फारसी असून 'आब' म्हणजे पाणी. फसली सन १३१६ मध्ये, म्हणजे इसवी सन १९०६-०७ च्या सुमारास, 'हैदराबाद आबकारी कायदा' झाला. मोहाची दारू आणि शिंदी यांवरील आबकारी उत्पन्न हे जमीन महसुलाच्या जोडीने त्या राज्याच्या तिजोरीचा एक मोठा आधार होते.

येथे एक गोष्ट स्पष्टपणे मांडली पाहिजे. ज्या राज्यकर्त्याच्या धर्मात दारू हराम, त्याच्याही खजिन्यात दारूचा पैसा जमा होत होता. पुढे ज्यांनी गांधीजींचे नाव घेऊन राज्य केले, त्यांच्याही खजिन्यात तो जमा झाला. म्हणून हा दोष एका धर्माचा किंवा एका पक्षाचा समजू नये. तिजोरीला धर्म नसतो, तिला फक्त तूट असते.

गुत्त्याच्या पद्धतीचा सामाजिक परिणाम समजून घेण्यास फार अर्थशास्त्र लागत नाही. गुत्तेदाराने सरकारला बोलीची रक्कम कबूल केलेली असे. ती वसूल करून वर नफा मिळवावयाचा, तर जास्तीत जास्त दारू खपणे त्याला आवश्यक होते. पुढील लिलावात बोली चढावी म्हणून सरकारलाही खप हवाच होता. म्हणजे शेतमजुराने मजुरी घेऊन सरळ घरी जाऊ नये, यात दोघांचे हित एक झाले होते. याउलट, ज्याने मोहाची फुले वेचून घरच्यापुरती दारू गाळली, तो मात्र गुन्हेगार ठरला. दारू तीच, पण महसूल भरला तर धंदा आणि न भरला तर अपराध!

पलीकडच्या मुलखात

आपल्या भागाला सरहद्दीपलीकडचे लोक 'मोगलाई' म्हणत. परंतु त्यांच्या इंग्रजी मुलखातही स्थिती निराळी नव्हती. १८७८ साली मुंबई इलाख्यात आबकारी कायदा झाला. गावोगावच्या लहान भट्ट्या बंद करून दारू गाळण्याचे काम मोठ्या केंद्रीय भट्ट्यांकडे आणि विक्री मक्तेदारांकडे देण्याचे धोरण आले. १८९२ मध्ये ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांसाठी मोहाच्या फुलांविषयीच कायदा करण्यात आला आणि फुले गोळा करण्यावर व बाळगण्यावर बंधने आली. मोहाचे फूल हे आदिवासींचे दुष्काळातील अन्नही होते, हे येथे लक्षात घ्यावे. घरची दारू बंद झाल्यावर आदिवासी दुकानाकडे वळला. दुकानात उधारी झाली. ठाणे ते सुरत या पट्ट्यात अनेक ठिकाणी दारूचा दुकानदार हाच सावकार आणि पुढे तोच जमिनीचा मालक झाला.

या धोरणाला विरोध झाला नाही असे मात्र नाही. महात्मा जोतीराव फुले पुणे नगरपालिकेचे सभासद असताना १८८० मध्ये त्यांनी शहरातील वाढत्या दारूच्या दुकानांविरुद्ध लेखी तक्रार केली होती. १९०८ मध्ये लोकमान्य टिळकांच्या पुढाकाराने पुण्यात दारूच्या दुकानांपुढे स्वयंसेवक उभे राहिले. ते पिणाऱ्यांना हात जोडून परत पाठवीत. सरकारने हे निरोधन मोडून काढले. १९२२ च्या सुमारास पालघरच्या किनाऱ्याकडून निघालेली देवीची चळवळ डांग आणि सुरत जिल्ह्यांपर्यंत पसरली. देवीचा आदेश म्हणून हजारो आदिवासींनी दारू सोडली आणि दुकाने ओस पडली. कायद्याने जे कधी साधले नाही ते लोकांच्या स्वतःच्या निश्चयाने काही काळ तरी साधले. ही गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी, कारण लेखाच्या शेवटी आपल्याला पुन्हा तिच्याकडे यावयाचे आहे.

शाळेचा खर्च आणि दारूचे उत्पन्न

आता जो मुद्दा सांगणार आहे तो आपणा शिक्षकांच्या आणि शिक्षणसंस्थांच्या जिव्हाळ्याचा आहे.

१९१९ च्या सुधारणा कायद्याने प्रांतांत द्विदल राज्यपद्धती आली. काही खाती हिंदी मंत्र्यांकडे सोपविण्यात आली. त्यांत शिक्षण होते आणि आबकारीही होती. परिणाम असा झाला की शाळा वाढवावयाची तर पैसा हवा आणि पैसा हवा तर दारू खपावयास हवी! १९३७ मध्ये प्रांतांत काँग्रेसची मंत्रिमंडळे आली, तेव्हा दारूबंदी केली तर मुलांच्या शिक्षणाचा खर्च कोठून करावा, असा प्रश्न उभा राहिला. मुलांच्या शिक्षणासाठी दारूच्या उत्पन्नाखेरीज दुसरा आधार उरू नये, ही गांधीजींना क्रूर थट्टा वाटली. शाळेने आपला खर्च हस्तोद्योगातून काही अंशी स्वतः भागवावा, या त्यांच्या कल्पनेमागे हीच व्यथा होती. ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्यास शिक्षण परिषद भरली आणि डॉ. झाकिर हुसेन यांच्या अध्यक्षतेखालील समितीने 'वर्धा योजना' तयार केली. बी. एड. च्या परीक्षेसाठी ही योजना आम्ही सर्वांनी पाठ केली. मात्र तिच्यामागे दारूच्या पैशाचा प्रश्न होता, हे आमच्यापैकी किती जणांच्या लक्षात राहिले?

मुंबई प्रांतात बाळासाहेब खेर यांच्या मंत्रिमंडळाने १ ऑगस्ट १९३९ रोजी मुंबई शहरात दारूबंदी सुरू केली. आरोग्यमंत्री डॉ. गिल्डर यांनी ती हिरिरीने पुढे नेली. बुडणारे उत्पन्न भरून काढण्यासाठी शहरातील मालमत्तेवर दहा टक्के कर बसविण्यात आला. घरमालकांकडून त्यास मोठा विरोध झाला. दारूबंदीचा खरा खर्च किती आणि तो कोण सोसणार, हा हिशेब त्या वेळी उघडपणे मांडला गेला. परंतु महायुद्धाच्या प्रश्नावर मंत्रिमंडळाने लवकरच राजीनामा दिला आणि प्रयोग अर्धवट राहिला.

बंदी आली, भट्टी लपली

स्वातंत्र्यानंतर १९४९ मध्ये मुंबई दारूबंदी कायदा झाला आणि एप्रिल १९५० पासून मुंबई राज्यात संपूर्ण दारूबंदी लागू झाली. राज्यघटनेच्या ४७ व्या अनुच्छेदात औषधी उपयोग सोडून मादक पेये व घातक द्रव्ये यांवर बंदी आणण्याचा प्रयत्न हे राज्याचे कर्तव्य म्हणून सांगितलेले आहे. या कायद्याला न्यायालयात आव्हान दिले गेले. १९५१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बलसारा खटल्यात कायद्याचा मोठा भाग कायम ठेवला आणि मद्यार्कयुक्त औषधे व प्रसाधने यांविषयीची काही बंधने रद्द केली.

आपला मराठवाडा त्या वेळी हैदराबाद राज्यात होता आणि तेथे आबकारी हे उत्पन्नाचे साधन राहिले होते. १ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठवाडा द्वैभाषिक मुंबई राज्यात आला. १९५९ च्या कायद्याने मुंबईचा दारूबंदी कायदा राज्यात नव्याने आलेल्या भागांनाही लागू झाला. एका पिढीने गुत्त्याचा लिलाव पाहिला आणि त्याच पिढीने दारूबंदीचा शिपाईही पाहिला!

बंदीने काही भले झाले नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. भर बाजारातले दुकान मिटले की भिडस्त माणूस तेथवर जात नाही, हा लाभ लहान नव्हे. तथापि कायदा सर्वांना सारखा लागला नाही. सधन माणसाला प्रकृतीच्या कारणावरून परवाना काढता येत असे. गरिबाला हातभट्टी उरली. कुजका गूळ आणि नवसागर यांची ती दारू ओढ्याच्या काठी, बाभळीच्या बनात गाळली जाऊ लागली. पिणाऱ्याच्या पोटात काय जात आहे, हे पाहणारे कोणी उरले नाही. हप्ता हा शब्द घराघरात पोचला.

ज्यांना ना जमीन ना धंदा, अशांपैकी काही कुटुंबे पोटासाठी भट्टीकडे वळली. इंग्रजांनी १८७१ पासून ज्या जमातींवर जन्मजात गुन्हेगारीचा शिक्का मारला होता, तो कायदा ऑगस्ट १९५२ मध्ये रद्द झाला आणि त्या जमाती 'विमुक्त' झाल्या. परंतु कायदा गेला तरी संशय गेला नाही. दारूबंदीच्या धाडींनी त्यांच्यापैकी कित्येकांना पुन्हा चौकीच्या पायऱ्या दाखविल्या. बाप तुरुंगात आणि आई भट्टीवर असेल, तर त्या घरातील मूल शाळेत कसे येणार? 'शिकण्याची आवडच नाही' असा शेरा आपण शिक्षक सहज मारतो. तो मारण्यापूर्वी हा इतिहास आठवावा.

अफूचे उदाहरण

याच काळात अफूच्या बाबतीत सरकारने निराळा मार्ग धरला. अफूही पूर्वी परवान्याच्या दुकानात उघड मिळत असे. कामावर जाणाऱ्या गरीब बाया मूल निजून राहावे म्हणून त्याला अफूची बारीक गोळी देत. १९४९ मध्ये भरलेल्या अखिल भारतीय अफू परिषदेत असे ठरले की औषधाखेरीज इतर वापरासाठी दिली जाणारी अफू दरवर्षी थोडी थोडी कमी करावी आणि १९५९ पर्यंत ती पूर्ण थांबवावी. दहा वर्षांची मुदत आधीच जाहीर केलेली होती. मुलाला अफू देणे ही आज आपल्याकडे आजीच्या तोंडची जुनी गोष्ट झाली आहे. अफूचे उत्पन्न त्यापूर्वीच पुष्कळ आटले होते, हेही खरे. पण त्यावरूनच सिद्ध होते की तिजोरीने हात सैल केला की बंदीची वाट सोपी होते.

मोहाकडून मळीकडे

वसंतराव नाईक यांच्या कारकीर्दीत, १९६४ च्या सुमारास, महाराष्ट्राने दारूबंदीची पकड सैल केली. हातभट्टीला आळा घालावा आणि बुडालेला महसूल परत मिळवावा, ही दोन कारणे त्यामागे होती. १९७३ मध्ये महाराष्ट्र देशी मद्य नियम आले. साखर कारखान्यातून निघणाऱ्या मळीपासून गाळलेल्या मद्यार्काची देशी दारू बाटलीत भरून, शिक्का मारून दुकानात आली. मोहाच्या फुलाची जागा उसाच्या मळीने घेतली. लिलाव गेला, अनुज्ञप्ती आली. गुत्तेदार गेला, परवानाधारक आला. आणि गंमत अशी की कायद्याचे नाव अजूनही 'दारूबंदी कायदा' हेच आहे, तर तो राबविणाऱ्या खात्याचे नाव आहे 'राज्य उत्पादन शुल्क'. एक नाव सांगते की दारू थांबवावयाची आहे, दुसरे सांगते की तिच्यावर शुल्क घ्यावयाचे आहे.

जून २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने मद्यावरील शुल्क वाढविले आणि त्यातून सुमारे १४,००० कोटी रुपयांचे जादा उत्पन्न अपेक्षित असल्याचे सांगण्यात आले. शुल्क वाढविणे चूक नव्हे. महाग वस्तू कमी खपते. पण ज्या अंदाजपत्रकाचा एवढा भार दारूच्या खपावर आहे, त्याला खप कमी झालेला परवडेल काय? मी अनुदानित शाळेतील शिक्षक आहे. माझा पगार याच तिजोरीतून येतो. १९३७ चा प्रश्न आजही सुटलेला नाही, हे मला माझ्या पगाराकडे पाहूनच कळते.

आता त्या आजीच्या घराकडे वळू. तिचा मुलगा आणि सून जो ऊस तोडतात, त्याची साखर होते आणि मळी निघते. मळीतून देशी दारू होते आणि ती आपल्या गावच्या दुकानात येते. पुढच्या वर्षीची उचल त्याच दुकानात जाते. ज्याने कोयता चालविला त्याच्याच घरावर घाव पडतो.

आडवी बाटली

वर्धा, गडचिरोली आणि चंद्रपूर या जिल्ह्यांत सरकारने जिल्हाभर बंदी केली. गडचिरोलीची बंदी १९९३ मध्ये मोठ्या लोकचळवळीतून आली. चंद्रपूरची बंदी १ एप्रिल २०१५ रोजी सुरू झाली आणि अवैध दारू व गुन्हे वाढल्याचे कारण देऊन २०२१ मध्ये उठविण्यात आली. केवळ वरून आलेली बंदी वरूनच जाते, हा त्यातील धडा आहे.

एक अधिकार मात्र गावाच्या हाती आहे. २००८ च्या शासन आदेशाप्रमाणे गावातील पंचवीस टक्के महिला मतदारांनी मागणी केल्यास गुप्त मतदान घेता येते. मतपत्रिकेवर दोन चित्रे असतात. उभी बाटली म्हणजे दुकान राहावे, आडवी बाटली म्हणजे दुकान जावे. आडव्या बाटलीला निम्म्याहून अधिक मते मिळाली तर दुकान बंद करावे लागते. महाराष्ट्रातील कित्येक गावांतील स्त्रियांनी याच मार्गाने आपल्या गावची बाटली आडवी केली आहे. ज्यांना दुकानाची झळ लागते त्यांनाच निर्णय देणारी अशी तरतूद आपल्या आबकारीच्या सगळ्या इतिहासात विरळाच आहे.

मी मोठ्या उत्साहाने हे त्या आजीला सांगितले. तिने सर्व शांतपणे ऐकले आणि विचारले, "आन् सून कारखान्याला गेलीया, तिचं मत कोन टाकनार? ती पाडव्याबिगर येत न्हाई."

वाचकहो, अटीची खोच येथे आहे. निम्म्याहून अधिक मते लागतात ती मतदानाला आलेल्या स्त्रियांच्या निम्म्याहून नव्हे, तर यादीतील एकूण महिला मतदारांच्या निम्म्याहून अधिक. म्हणजे जी स्त्री मतदानाच्या दिवशी गावात नाही, तिचे नाव आपोआप उभ्या बाटलीच्या बाजूला मोजले जाते. अंबड, घनसावंगी, परतूर, मंठा या तालुक्यांतून दर दिवाळीला किती जोड्या ऊसतोडीला निघतात, हे आपण जाणतो. त्यांच्यामागे गावात मतदान घेतले तर दारूने सर्वांत जास्त पोळलेली स्त्रीच नकळत दुकान राखणारी ठरते.

म्हणून माझी नम्र सूचना अशी आहे. ज्या गावात अशी मागणी होईल तेथे मतदानाची तारीख ऊसतोड कामगार परतल्यानंतरची, म्हणजे पाडवा उलटून गेल्यावरची असावी, असा आग्रह गावाने अर्जातच लेखी धरावा. अर्ज लिहून देण्याचे, मतदारयादीतील नावे तपासून देण्याचे काम आपण शिक्षक करू शकतो. आपल्यासारख्या शिक्षणसंस्थेच्या वर्गातून शिकून गेलेल्या मुली आज गावोगावी बचतगटांत आहेत. त्यांना हा नियम माहीत करून देणे हेही शिक्षणच होय. आणि तोवर, उसाच्या फडाकडे जाणाऱ्या आईबापांची मुले हंगामी वसतिगृहात किंवा नातलगांकडे राहून शाळेत टिकावीत, याकडे प्रत्येक वर्गशिक्षकाने लक्ष द्यावे.

तो मुलगा आता शाळेत येतो. हॉटेलातील काम सुटले आहे. तो अभ्यासात मागे पडला आहे, पण इतिहासाच्या तासाला प्रश्न विचारतो. त्याच्या आजीने विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर मला उशिरा सापडले. सरकारमान्य दुकानाविरुद्ध तक्रार करण्याचे स्थान म्हणजे गावच्या स्त्रियांची मतपेटी होय. मात्र ती पेटी उघडेल त्या दिवशी आपल्या गावच्या सर्व लेकी-सुना गावात हजर असल्या पाहिजेत, एवढी काळजी आपण सर्वांनी घ्यावी, हीच विनंती.